हात गार, शीर गायब

“अगं बाई, बर्फ लावतेस का?”

म्हसरूळच्या आजींनी हात झटकन मागं घेतला. पहाटेचे सव्वासहा वाजले होते. त्यांच्या दंडाला पट्टा बांधून मी कोपराच्या खोबणीत शीर चाचपत होते आणि बोटांना काही लागतच नव्हतं. शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटाच्या टोकानं शोधायची असते. दाबली की ती किंचित आत जाते आणि स्पंजासारखी परत वर येते. ते वर येणं बोटाला कळलं की सुई कुठं घालायची ते कळतं. त्या सकाळी माझ्या बोटांना आजींचा हात कुठला आणि खुर्चीचा हात कुठला हेही कळलं नसतं. हात चोळले, तोंडाची वाफ मारली, सांधेदुखीबद्दल पाच मिनिटं गप्पा मारल्या. मग अंदाजानं सुई घातली आणि चुकले. दुसऱ्या हाताला टोचावं लागलं.

आजी काही बोलल्या नाहीत. दुपारी त्यांच्या सूनबाईंनी लॅबच्या व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. कोपरात काळानिळा डाग, चांगला रुपयाएवढा. नऊ वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर असा फोटो पहिल्यांदाच आला होता.

मी नाशिकमध्ये घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. होम कलेक्शन. उपाशीपोटीची शुगर म्हटलं की प्रत्येकाला सहा ते आठच्या मधलीच वेळ हवी असते, कारण त्यानंतर चहा लागतो. हिवाळ्यात एका सकाळी बारा-पंधरा घरं होतात. पंचवटीतून निघायचं, म्हसरूळ, मखमलाबाद, मग नदी ओलांडून गंगापूर रोड, आनंदवल्ली आणि शेवटी सातपूर. पस्तीस-चाळीस किलोमीटर सहज होतात. आधी स्कूटर होती, पण तिची लहान चाकं खड्ड्यात आपटून मागच्या डब्यातल्या नळ्या खडखडायच्या. म्हणून 125 सीसीची मोटारसायकल घेतली. डब्यात जेल पॅक असतात, नमुने 2 ते 8 अंशांत ठेवायचे म्हणून. नाशिकची थंडी वाढली की डब्याच्या आत आणि बाहेर फारसा फरक राहत नाही.

एक खुलासा आधीच करते. आमच्याकडे ‘ग्लोव्हज’ म्हणजे नायट्राइलचे, पातळ रबरासारखे, एकदा वापरून फेकायचे. म्हणून गाडीवरच्यांना मी हातमोजेच म्हणणार, नाहीतर गोंधळ होतो. माझा एकदा झालाही, तो पुढे येईल.

तर हातमोजे माझ्याकडे नव्हते असं नाही. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमधून दर दोन वर्षांनी लोकरीची एक जोडी घ्यायचे. विणकाम सुरेख, आत मऊ अस्तर, मनगटावर नक्षी. घरात घालून बसलं तर घाम फुटेल इतके उबदार. पण गाडीनं चाळीसचा वेग घेतला की विणीच्या प्रत्येक भोकातून वारा आत. लोकर ऊब धरते ती तिच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. ती हवाच वारा उडवून नेत असेल तर धागे काय करणार? त्यात गंगापूर रोडला नदीच्या अंगानं धुकं असतं. धुक्यातून दहा मिनिटं गेलं की लोकरीवर बारीक मण्यांसारखे थेंब जमतात, मग ते आत मुरतात. सकाळी सीटवरचं दव मी त्याच हातमोज्यांनी पुसायचे, हा माझा आणखी एक शहाणपणा. म्हणजे पहिल्या घरी पोचायच्या आतच ते ओले.

थंडीचा हिशेब मी नंतर केला. हवामानवाले वाऱ्यातली थंडी मोजायला एक सूत्र वापरतात. त्यात आकडे घातले तर 10 अंशांच्या हवेत ताशी 60 नं जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला साधारण 5 अंशांसारखं लागतं, आणि 6 अंशांत तर शून्याच्याही जरा खाली. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटे 8-10 अंश असणं काही बातमीचं नाही. बातमी निफाडची होते. तिथला आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येतो, आणि त्या दिवसांत द्राक्षबागांमध्ये घड वाचवायला पहाटे शेकोट्या पेटलेल्या दिसतात. मखमलाबादच्या बाजूला मीही त्या पाहिल्यात. एकदा बांधाजवळ गाडी थांबवून हात शेकूनही घेतले. बागवाल्या काकांनी विचारलं, “कुठं निघाली एवढ्या गारठ्यात?” म्हटलं, रक्त घ्यायला. ते जरा मागं सरकले.

फोटोच्या दुसऱ्या दिवसापासून प्रयोग सुरू झाले. पहिला प्रयोग फुकटातला. नायट्राइलचे ग्लोव्हज घातले, वर लोकरीचे. वारा थांबला, धुकं थांबलं, आणि पहिली पंधरा मिनिटं मी स्वतःवर खूश होते. मखमलाबादला हातमोजे काढले तर बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली, घामानं चिंब. नायट्राइलमधून पाणी आत येत नाही तसं बाहेरही जात नाही. ओला हात उघड्यावर आला की अर्ध्या मिनिटात आधीपेक्षा गार. आणि मी फक्त लोकरीचे काढून तसाच ‘ग्लोव्हज घातलेला’ हात पेशंटपुढे केला, तेव्हा एका निवृत्त गुरुजींनी शांतपणे विचारलं, “ताई, हे गाडी चालवताना घातलेलेच का?” गोंधळ झाला म्हटलं तो हाच. तिथंच काढून नवे घातले, पण कान गरम झाले. हाताला मात्र त्याचा फायदा नाही.

लांबच्या प्रवासाला एकच टप्पा असेल तर ही युक्ती वाईट नाही, असं आता माझं मत आहे. घाम आतच राहतो, पण लोकर कोरडी राहते आणि ऊब टिकते. माझ्यासारख्या दर दहा मिनिटांनी काढणाऱ्या-घालणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

दुसरी युक्ती लॅबमधल्या दादानं सांगितली. तो एकदा मनालीच्या पुढं जाऊन आलेला आहे, त्यामुळे थंडीच्या प्रत्येक विषयावर तो बोलतो. लोकरीच्या हातमोज्यांवर भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवायचे, एक साइज मोठे. दिसायला विनोद, पण काम करतं, हे मी शपथेवर सांगते. वारा बंद, पाणी बंद, किंमत दीडशेच्या आत. तीन दिवस मी केशरी हातांनी नाशिक फिरले. अडचण अशी की रबर थंडीत ताठ होतं, क्लच दाबताना बोटाच्या मुळाशी घडी पडून टोचतं, आणि गाडीवरून पडलं तर ते रबर रस्त्यावर एक वितभरसुद्धा टिकणार नाही. शिवाय आनंदवल्लीच्या एका काकूंनी दार उघडताच आत हाक मारली, “अहो, भांड्यांना नवीन बाई लावली का?”

मग मी पैसे खर्च करायला तयार झाले आणि तिथंच खरी चूक केली. सगळ्यात जाड दिसतील ते हातमोजे ऑनलाइन मागवले. 2,100 रुपये. फोटोत बर्फ, डोंगर, हसणारा माणूस. आत इतका कापूस की मूठ बंद करायलाच जोर लागावा. पहिल्या दिवशी अशोकस्तंभाजवळ डावीकडे वळायचं म्हणून इंडिकेटर दाबला तो हॉर्नसकट. पुढचा रिक्षावाला दचकला, त्यानं ब्रेक मारला, आणि मला माझा ब्रेक कुठं आहे हे बोटाला कळायला क्षणभर उशीर झाला. टेकली नाही गाडी. पण तो क्षण मला अजून आठवतो. लिव्हरवर बोट आहे की लिव्हरपासून इंचभर दूर आहे, हे जे हातमोजे सांगत नाहीत ते गाडीचे हातमोजे नव्हेत. ते बर्फात उभं राहून फोटो काढायचे.

आणि गंमत म्हणजे त्यातही हात गार! एवढं जाड असून! सातपूरला पोचून काढले तर दोन्ही हातांची मधली तीन बोटं मेणासारखी पांढरी. मला भीती वाटली. थंडीत बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होण्याचा एक आजार असतो. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरनं 1862 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्याचंच नाव. आमच्या डॉक्टरमॅडमना बोटं दाखवली. त्यांनी हातमोजे मागवून घेतले, स्वतःच्या हातात घालून पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, हे तर तू टूर्निके बांधून फिरतेयस.”

टूर्निके म्हणजे आमचा तो दंडाला बांधायचा पट्टा. दिवसातून पंधरा वेळा मी तो लोकांना बांधते. रक्त अडवायला काय करावं लागतं हे मला पाठ आहे, आणि स्वतःच्या दहा बोटांना मी तेच करून बसले होते. मी मागवलेला ‘एस’ हा माझा नायट्राइलचा ‘एस’ होता. बाहेरून जाड दिसणारा तो हातमोजा आतून भलताच घट्ट होता, कापूस दाबला गेला होता, आणि दाबलेल्या कापसात हवा राहत नाही.

मॅडमनी पुढं जे सांगितलं ते मला माहीत असूनही कधी सुचलं नव्हतं. बोटं स्वतः उष्णता तयार करत नाहीत. बोटात स्नायूच नसतात म्हणा ना. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपराखाली, पुढच्या हातात असतात, आणि बोटापर्यंत येतात त्या फक्त दोऱ्या. ऊब येते ती रक्तातून. अंग गार पडायला लागलं की शरीर आधी छाती-पोट सांभाळतं आणि हातापायांच्या बोटांचे रस्ते आवळून घेतं. थंडीत पेशंटची शीर सापडत नाही ती याचसाठी, आणि आपण त्यांना हात गरम पाण्यात धरायला सांगतो तेही याचसाठी. हातमोजा हीटर नव्हे. आलेलं धरून ठेवणारा थर्मास. थर्मासमध्ये गार चहा ओतला तर तो गारच राहणार.

त्या दिवसापासून ‘किती जाड’ हे विचारणं मी सोडलं.

पुढच्या रविवारी टेप घेऊन बसले. तळहाताचा घेर मोजायचा, अंगठा सोडून, बोटांच्या सांध्यांवरून, मूठ जरा सैल मिटून. माझा भरला 18 सेंटिमीटर. मग चार कंपन्यांचे साइजचे तक्ते पाहिले. एकीकडे 18 म्हणजे एक्सएस, एकीकडे एस, एकीकडे माझ्यापासून तक्ताच सुरू होत नाही. आपल्याकडे बायका स्कूटर चालवतात हे गिअर बनवणाऱ्यांना कळलंय, मोटारसायकल चालवतात हे अजून कळायचंय. म्हणून ऑनलाइनचा नाद सोडला आणि शहरातल्या एका रायडिंग गिअरच्या दुकानात गेले.

काउंटरवर विशीतला पोरगा. “ताई, कोणासाठी?” माझ्यासाठी. “लेडीजचे ठेवत नाही, जात नाहीत.” मग पुरुषांचे लहान दाखव. त्यानं आठ जोड्या काढल्या आणि मी दीड तास त्याचं डोकं खाल्लं. दुपारची वेळ होती, दुकानात दुसरं कोणी नव्हतं, हे त्याचं दुर्दैव.

आधी तळवा. माणूस पडताना हात पुढं करतोच, कितीही ठरवलं तरी. मनगटाशी अंगठ्याच्या मुळाखाली स्कॅफॉइड नावाचं एक छोटं हाड आहे, तळहातावर आपटलं की ते मोडतं आणि त्याला रक्तपुरवठा तोकडा असल्यानं जुळायला महिने घेतं. माझ्या धंद्यात एक हात महिनाभर प्लास्टरमध्ये म्हणजे पगार बंद. त्यामुळे तळव्याला चामडं आणि त्या जागेवर घसरून जाईल असा कडक तुकडा हवाच. ऊब नंतर. आतल्या लेबलवर मोटारसायकलचं छोटं चित्र आणि ईएन 13594 असा आकडा आहे का तेही पाहिलं. ते युरोपचं मोटारसायकलच्या हातमोज्यांचं प्रमाण आहे. चित्राखाली 1 किंवा 2 असा दर्जा असतो आणि सांध्यांवरचं कवच तपासलेलं असेल तर केपी ही अक्षरं. घासण्याच्या चाचणीत पहिल्या दर्जाला 4 सेकंद टिकायचं असतं, दुसऱ्याला 8. ऐकायला कमी वाटतं, पण रस्त्यावर घसरणारा माणूस तेवढ्यात बराच लांब जातो. आठपैकी तीनच जोड्यांवर ते चित्र होतं. पाण्याबद्दल आणि थंडीबद्दल मात्र तो शिक्का काहीच सांगत नाही, ते आपलं आपण बघायचं.

पाण्याचं काम आत लपलेल्या एका पातळ पिशवीचं असतं. बाहेरचं कापड-चामडं वेगळं, आतलं उबदार अस्तर वेगळं, आणि मधे पाच बोटांची ती पडद्याची पिशवी. गोअर-टेक्स हे त्यातलं मोठं नाव. 1969 मध्ये बॉब गोअरनं टेफ्लॉनची तापवलेली कांडी झटक्यात ताणली आणि हा पडदा सापडला. त्याच्या भोकांतून पाण्याचा थेंब जात नाही, घामाची वाफ जाते. आपल्याकडच्या माझ्या खिशाच्या जोड्यांत बहुतेक हिपोरा नावाचा पडदा दिसला, तोही त्याच कामाचा. पोरगा म्हणाला, “ताई, शंभर टक्के वॉटरप्रूफ.” मी विचारलं, शिलाई कुठून गेलीय? त्यानं माझ्याकडे पाहिलं. सुईचं भोक म्हणजे गळती, हे मी त्याला सांगणं साहजिकच होतं. पिशवीला टाके नसतात, ती चिकटवून बनवतात आणि बोटांच्या टोकांशी अस्तराला पकडलेली असते. नीट पकडलेली असते, किंवा नसते.

ती पकड कशी आहे यावर माझी सगळी निवड ठरणार होती, कारण हातमोजे मी सकाळी पंधरा वेळा काढणार. म्हणून एक परीक्षा घेतली. बाटलीतलं पाणी हातावर ओतलं, रुमालानं अर्धवट पुसलं, तसा दमट हात आत घातला आणि बोटांना धरून ओढून काढला. दोन-तीन वेळा. तिसऱ्या जोडीचं अस्तर माझ्या करंगळीबरोबर बाहेर आलं, उलट्या झालेल्या मोज्यासारखं. पोरगा पेन घालून ते परत आत ढकलायला लागला. पाच मिनिटं झाली तरी करंगळीची वाट काही सापडेना. थंडीत, रस्त्याच्या कडेला, पेशंट दारात वाट पाहत असताना हे करायची कल्पना करा. ती जोडी बाद. पाचवीही बाद. ती तर एक बोट नाही, तीन बोटं घेऊन बाहेर आली.

उरल्या त्या चित्रवाल्या तीन. त्या घेऊन मी दुकानाबाहेर माझ्या गाडीवर जाऊन बसले. आरशासमोर हात पसरून हातमोजे सगळेच बसतात. गाडीवर बोटं वाकलेली असतात. मूठ हँडलला धरल्यावर बोटाच्या टोकापुढं दोन-तीन मिलिमीटर जागा उरायला हवी, कारण तिथंच हवा राहते. टोक अस्तराला टेकलं तर ते बोट गारठणार, हे मी आता पैजेवर सांगते. दोन बोटांनी क्लच दाबून पाहिला. इंडिकेटर, हॉर्न, डिपर एकेकटे दाबले. किल्ली फिरवली. फक्त उजव्या हाताच्या अंगठ्यानं सेल्फ स्टार्टर. हेल्मेटचा पट्टा मात्र कुठल्याच जोडीत लागला नाही, तो आधी लावायचा आणि मग हातमोजे घालायचे, ही सवय लावून घ्यावी लागली. फोनवर पत्ता बघायला टोकाला वेगळं कापड असतं; ते तिन्हींत नावालाच होतं. मी आता नाकानं नकाशा सरकवते. हसू नका, तुम्हीही करून बघा.

घेतली ती जोडी 3,900 ची. बकरीच्या चामड्याचा तळवा, पाठीवर कापड, पडदा हिपोराचा. अस्तर पाठीला जाड आणि तळव्याला पातळ. वारा पाठीवर लागतो आणि लिव्हर तळव्याला कळायला हवी, म्हणजे ज्यानं शिवलं तो गाडी चालवत असावा. डाव्या अंगठ्यावर रबराची एक पट्टी, काचेवरचं पाणी निपटायला. धुक्याच्या दिवशी त्या पट्टीसाठी मी वेगळे पाचशे दिले असते. साइज एम. हो, एम. आतून सैल, बाहेरून मनगटाला पट्टा. पोरगा शेवटी म्हणाला, “ताई, तुम्ही इथंच कामाला या.”

घरी आणल्यावर बादलीची परीक्षा. दुकानात ती कोणी करू देणार नाही आणि नंतर कोणी परत घेणार नाही, तरी केली. प्रत्येक बोटाला टिश्यू गुंडाळला, हातमोजा घातला आणि मनगटाच्या खालपर्यंत पाण्यात बुडवून दहा मिनिटं मूठ उघडझाप करत बसले. आई स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली. टिश्यू कोरडे निघाले. पण दुसरी एक गोष्ट कळली. स्वयंपाकाच्या काट्यावर आधी 138 ग्रॅम भरलेला हातमोजा नंतर 196 भरला. म्हणजे हात कोरडा, पण बाहेरच्या कापडानं पाणी पिऊन घेतलेलं. असं भिजलेलं कापड वाऱ्यात वाळताना हाताचीच ऊब ओढून घेतं, आणि वर पाण्याचा थर बसला की पडद्यातून वाफही नीट जात नाही. मग आतून ‘ओलं’ वाटतं ते पाऊस नसतो, आपलाच घाम असतो. यावर पाणी निथळून जाईल असा स्प्रे मिळतो. मी तो कापडावर मारते, चामड्याला मेण लावते. धुकं, दव आणि एखादी अवकाळी सर एवढ्याला पुरतं.

अवकाळीचं आम्हा नाशिककरांना सांगायला नको. 2023 च्या नोव्हेंबरअखेर जिल्ह्यात गारपीट झाली तेव्हा द्राक्षांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. हिवाळ्यात पाऊस नसतो हे वाक्य इथं आता कोणी म्हणत नाही. पावसात मनगटाचा प्रश्न वेगळाच येतो. थंडीसाठी हातमोज्याचा घेर जॅकेटच्या बाहीवर चढवायचा, म्हणजे वारा बाहीत शिरत नाही. पाऊस असेल तर उलट, बाही हातमोज्यावर. नाहीतर सिग्नलला थांबलं की बाहीवरचं पाणी ओघळून थेट हातमोज्यात, आणि वॉटरप्रूफ हातमोजा आत आलेलं पाणीही इमानानं धरून ठेवतो.

पहिल्या सकाळी 9 अंश होते. म्हसरूळपर्यंत छान. मखमलाबादपर्यंत छान. गंगापूर रोडला अंगठे आणि करंगळ्या बोलायला लागल्या. कमी बोलल्या, पण बोलल्या. आधीची मी असते तर आणखी जाड जोडी शोधली असती. आता कोपराखालच्या त्या स्नायूंकडे पाहिलं. स्वेटरच्या बाह्या मी वर सारून घालते, कामाची सवय. त्यावर जुन्या लोकरी मोज्यांचे पाय कापून दोन नळकांडी केली आणि मनगटापासून कोपरापर्यंत चढवली. छातीवर वारा न शिरणारं जाकीट आत घातलं. फरक इतका पडला की मला आधीच्या 2,100 रुपयांचा राग आला. हँडलला लावायच्या पिशव्याही दूधवाल्याच्या गाडीवर पाहिल्या, त्यात हात घालून चालवतात. त्यांचा वारा अडवण्यात कोणी हात धरणार नाही. पण मला गडबडीत हात पटकन बाहेर काढायची भीती वाटते, म्हणून नाही घेतल्या. तापणाऱ्या ग्रिपचंही विचारून झालं. मेकॅनिक काका म्हणाले, तीस-चाळीस वॅट खाणार म्हणजे हेडलाइटएवढं, आणि तू दर दोन किलोमीटरला गाडी बंद करतेस, बॅटरी कशी पुरणार? पटलं.

वाळवायचं तंत्र सांगते. गिझरवर, गॅसजवळ, सायलेन्सरवर अजिबात नाही. चामडं कडक होतं आणि पडद्याचे चिकटवलेले सांधे सुटतात. वर्तमानपत्राची सुरळी करून आत घालायची, तासाभरानं बदलायची, पंख्याखाली बोटं वर करून उभे ठेवायचे. अस्तर उलटं करून वाळवायचा मोह होतो, तो आवरायचा.

जानेवारीत पुन्हा म्हसरूळच्या आजींची शुगर आली. मी दारात हातमोजे काढले, हात धुतले, नायट्राइलचे चढवले आणि त्यांच्या मनगटाला हात लावला. त्या काही म्हणाल्या नाहीत. शीर पहिल्या फटक्यात लागली. त्यांनी फक्त सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. तसा त्यांचाच उपास सुटायचा होता.

फेब्रुवारीअखेर डाव्या हातमोज्याची अंगठ्याजवळची शिलाई उसवली, दोन-तीन टाके. मेन रोडच्या बाजूला चपला शिवणारे काका बसतात, त्यांच्याकडे नेला. त्यांनी उलटसुलट पाहिला, चामडं चांगलं आहे म्हणाले, दोन मिनिटांचं काम, वीस रुपये. मी सांगत होते की काका, आत एक पातळ पिशवी आहे, तिला भोक नको पडायला, वरवरच धरता येईल का. ते हो हो म्हणत होते, जसं मी पेशंटना ‘अजिबात दुखणार नाही’ म्हणते तसं. मग त्यांनी हातमोजा गुडघ्यावर ताणून धरला, आरी उचलली, आणि मी तो झटकन मागं ओढून घेतला.